जुनी मोटार आणि घरचे हात

गाडीला पंधरा वर्षें पुरीं झालीं कीं एकत्र कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, काढून टाका. येतील तेवढे पैसे येतील, पण रोजची कटकट तरी संपेल. दुसऱ्या पक्षांत बहुधा घरांतील वडील मंडळी असतात. त्यांचें म्हणणें असें कीं, हिनें आजवर कधीं भर रस्त्यांत सोडलें नाहीं, हिच्यांतूनच सुना घरीं आल्या, हिच्यांतूनच नातवंडें पहिल्यानें शाळेंत गेलीं. आतां म्हातारी झाली म्हणून हिला दारांतून घालवावयाची काय? हे दोन्ही युक्तिवाद आम्हीं अनेक घरांतून ऐकले आहेत, आणि आमचें मत असें झालें आहे कीं, ह्या वादाचा खरा निकाल घरांत गाडीकडे नेमानें पाहणारें एक तरी माणूस आहे कीं नाहीं, ह्यावर लागतो. तसें माणूस असेल तर वीस-पंचवीस वर्षांची मोटारहि भरंवशाची राहते. नसेल तर पांच वर्षांची गाडीसुद्धां ऐन वेळीं दगा देते.

ऐन वेळ म्हणजे कोणती, हें भंडाऱ्याकडील वाचकांस सांगावयास नकोच. नागपूर येथून साठ-बासष्ट किलोमीटर. मोठें दुखणें आलें कीं पुष्कळ घरचें माणूस नागपुरासच न्यावें लागतें, आणि साकोली-लाखांदूरकडील मंडळींस तर त्याहूनहि लांब. रात्रीं दोन वाजतां आजोबांच्या छातींत कळ आली, तर आधीं रुग्णवाहिकेस हांक मारावी हें खरेंच. पण ती मिळेपर्यंत दारांतील गाडी पहिल्या किल्लीस सुरू होते कीं नाहीं, हा प्रश्न हौसेचा राहत नाहीं.

कायद्याविषयींचा एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. पंधरा वर्षें झालीं म्हणजे खाजगी गाडी मोडींत काढलीच पाहिजे, असा नियम महाराष्ट्रांत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून ह्या नूतनीकरणाची फी सहाशे रुपयांवरून पांच हजारांवर गेली, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरील गाड्यांसाठीं ती आणखी वाढली. म्हणजे जुनी गाडी ठेवणें स्वस्त राहिलें नाहीं; परंतु निषिद्धहि झालें नाहीं.

जुनी गाडी म्हटली कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें पद्मिनीच उभी राहते. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीची फियाट ११०० तयार होऊं लागली. तिच्या आरंभींच्या बुटक्या, गोल आकृतीस मुंबईकरांनीं ‘डुक्कर फियाट’ असें प्रेमळ नांव दिलें होतें. पुढें तिच्या वंशजेस १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणूं लागले. मुंबईच्या रस्त्यांवरील ह्या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. जिल्ह्याच्या गांवांतून मात्र एखाद्या वाड्याच्या पडवींत ती अद्यापि ताडपत्रीखालीं उभी असलेली दिसते. तिच्या शेजारीं, किंवा तिच्या जागीं, आतां मारुति ८०० असते. तिचेंहि उत्पादन २०१४ च्या आरंभीं थांबलें, तेव्हां तीहि म्हातारीच समजावयाची.

पद्मिनीचें झांकण उघडलें म्हणजे १०८९ घनसेंटिमीटरांचें चार नळकांड्यांचें एंजिन सगळें डोळ्यांसमोर असतें. कार्बुरेटर येथें, पेट्रोलचा पंप तेथें, विजेचा वांटप करणारा डिस्ट्रिब्यूटर पलीकडे. कोणत्याहि भागास हात पोंचतो. ८०० चें एंजिन तीन नळकांड्यांचें, आणि अलीकडच्या गाड्यांत तर पेट्रोलची मात्रा संगणकच ठरवितो. तेथें घरच्या माणसानें स्क्रू फिरवूं नये. पण पाणी, तेल, पट्टा, बॅटरी आणि टायर हें पंचक जुन्या-नव्या सर्व गाड्यांस सारखेंच लागूं आहे, आणि वाटेंत बंद पडणाऱ्या गाड्यांपैकीं बऱ्याच ह्या पांचांपैकीं एकामुळेंच बंद पडतात.

आमच्याकडील उन्हाळा हा माणसांप्रमाणें मोटारींचीहि परीक्षा घेतो. मे महिन्यांत पारा पंचेचाळीसापुढें जातो, तेव्हां रेडिएटरची लहानशी उणीवहि उघडकीस येते. विहिरीचें जड पाणी घालण्याची संवय पुष्कळांस असते. चहाच्या किटलींत जो पांढरा थर सांचतो, तोच थर मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांत सांचतो व पाण्याची वाट अडते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यांत कंपनीनें सांगितलेल्या प्रमाणांत कूलंट, हेंच घालावें. पातळी पाहावयाची ती सकाळीं, एंजिन थंड असतांना. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर घेणें होय. वरील नळीवर हात टेकवतां येईल इतकी ती निवाल्याशिवाय झांकणास कोणीहि स्पर्श करूं नये, आणि मुलांस तर जवळहि येऊं देऊं नये.

जुन्या गाडीचा रेडिएटर तांब्याच्या नळ्यांचा व पितळेच्या टांक्यांचा असतो. भंडारा हें पितळी भांड्यांसाठीं नांवाजलेलें गांव. फुटक्या तपेल्यास डाख देणें म्हणजे काय, हें येथील जुन्या गृहिणींस समजावून सांगावें लागत नाहीं. रेडिएटरचें गळणें त्याच विद्येनें थांबतें. मात्र एका सांध्यास डाख देतांना शेजारचा सांधा सुटतो, म्हणून हें काम घरीं न करतां कसबी माणसाकडेच द्यावें. घरच्या माणसानें करावयाचें तें इतकेंच कीं, गळती कोठें आहे तें शोधून खडूनें खूण करून ठेवावी. नव्या गाड्यांच्या रेडिएटरला ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टांक्या असतात; टांकीस तडा गेला तर डाखाचा उपाय नाहीं, सबंध नगच बदलावा लागतो. ह्या एका बाबतींत तरी जुनें तें अधिक उदार होतें, असें म्हणावें लागेल.

पंखा फिरविणारा रबरी पट्टा आंगठ्यानें दाबून पाहावा. मधोमध सुमारें एक सेंटिमीटर दबला तर ठीक. आंतल्या बाजूस भेगा दिसल्या, कडा उसवल्या असल्या, तर तो तुटण्याची वाट पाहूं नये. जुना पट्टा बदलला तरी तो टाकून न देतां गाडीच्या डिकींत ठेवावा. तो एक दिवस कोणाला तरी घरीं पोंचवील.

पद्मिनीच्या मालकांस आणखी एक उन्हाळी दुखणें परिचित आहे. गाडी व्यवस्थित चालत येते, बाजारांत पंधरा मिनिटें उन्हांत उभी राहते, आणि मग किती किल्ली फिरविली तरी सुरू होत नाहीं. एंजिनाच्या उष्णतेनें पेट्रोलच्या नळींत व पंपांत पेट्रोलची वाफ झालेली असते, आणि पातळ पेट्रोल ओढण्यासाठीं केलेला पंप ती वाफ ओढूं शकत नाहीं. ह्यावर रागानें पुनःपुन्हां किल्ली फिरविल्यास फक्त बॅटरी संपते. झांकण उघडावें, सावली असल्यास गाडी सावलींत ढकलावी, आणि पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवून दहा मिनिटें शांत बसावें. पाणी डिस्ट्रिब्यूटरवर किंवा तारांवर पडूं देऊं नये, आणि तापलेल्या एंजिनावर थंड पाण्याची बादली तर कदापि ओतूं नये. ओतीव धातूस तडा जातो.

बॅटरी हीहि उन्हानेंच लवकर मरते. जिच्यांत पाणी घालतां येतें अशा बॅटरीच्या कप्प्यांतील पातळी उन्हाळ्यांत पंधरवड्यास पाहावी व फक्त ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. टोकांवर जमणारी पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून जुन्या दांतघासणीनें धुतां येते. तारा सोडवितांना गाडीच्या पत्र्यास जोडलेली तार आधीं सोडवावी व बसवितांना ती शेवटीं बसवावी, म्हणजे पाना चुकून पत्र्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. शेवटीं टोकांस थोडें व्हॅसलीन लावावें. बॅटरींतून जळाऊ वायु निघतो. तेव्हां विडी ओढणाऱ्या पाहुण्यांस ह्या वेळीं ओसरीवरच बसवावें.

तेलाविषयीं थोडकेंच सांगतों. गाडी सपाट जागीं उभी करून, एंजिन बंद केल्यावर कांहीं वेळानें दांडी काढावी, पुसावी, पुन्हां घालून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्यें हवी. वर गेलेली चांगली, हा समज खोटा आहे. तेल काळें असणें हें स्वाभाविक आहे. तें ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर तेलांत पाणी शिरलें आहे असें समजावें व गाडी जेथें आहे तेथेंच ठेवून मिस्त्रीस बोलवावें. काढलेलें जुनें तेल गटारांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. डब्यांत भरून गॅरेजवाल्याकडे द्यावें.

घरच्या मुलांमुलींस ह्या कामाची गोडी लावावयाची असेल तर स्पार्क प्लगांपासून आरंभ करावा, असा आमचा सल्ला आहे. एंजिन थंड असतांना एकेक प्लग काढावा. चारी एकदम काढल्यास तारांची अदलाबदल होते. त्याच्या टोंकाचा रंग पाहिला म्हणजे वैद्यानें जीभ पाहिल्यासारखें होतें. फिकट तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त व हवा कमी. हवेची जाळी बहुधा धुळीनें भरलेली सांपडेल. तेलकट काळा असेल तर आंतील रिंगा झिजल्या, आणि पुढेंमागें मोठ्या खर्चाची तयारी ठेवावी. एंजिनिअरिंगची पदवी घेतलेला मुलगा आणि त्याची आठवींतली चुलतबहीण ह्यांना आम्हीं हें काम शेजारीं बसून करतांना पाहिलें आहे. त्यांत पदवीधराचे हात अधिक कांपत होते. आमच्या पांढरपेशा घरांतून हातास काळें लागणें हें अजूनहि कमीपणाचें वाटतें. ह्याच जिल्ह्यांत गडेगांवास अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून गिअरबॉक्स तयार करतो, जवाहरनगरास दारूगोळ्याचा कारखाना आहे. यंत्राशीं हस्तांदोलन केलेलीं माणसें आपल्या आळींतच राहत असतां आपण पंक्चर काढावयासहि दुसऱ्याची वाट पाहावी, हें शोभत नाहीं.

पावसाळ्याचें दुखणें निराळें. धानाच्या बांध्यांतला चिखल चाकांबरोबर वर उडतो, पत्र्याच्या खांचांत बसतो, आणि पोळ्यापर्यंत ओला राहतो. गाडीचें वरचें अंग धुऊन चकाकविण्यांत जो वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ खालील बाजूस पाण्याचा झोत मारण्यांत घालवावा. दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोकें असतात. तीं मातीनें बुजतात व दार आंतून कुजतें. एक काडी घेऊन तीं मोकळीं करणें हें पांच मिनिटांचें काम आहे. पायांखालील रबरी चटया महिन्यांतून एकदां उचलून ऊन दाखवावें.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला व भंडारा शहराच्या कांहीं भागांत पाणी शिरलें, तें अनेकांस आठवत असेल. जी गाडी पाण्यांत बुडाली ती पाणी ओसरल्यावर ‘सुरू होते का पाहूं’ म्हणून किल्ली फिरवून पाहण्याचा मोह होतो. नळकांड्यांत पाणी असेल तर तें हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं. दट्ट्याची दांडी वांकते आणि धुऊन-पुसून चालूं झालें असतें तें एंजिन कायमचें जातें. अशा गाडीच्या बॅटरीची तार काढावी, ती ओढून न्यावी, आणि विमेवाल्यांनीं पाहिल्यावांचून कांहीं खोलूं नये.

पुढें दिवाळीच्या सुमारास धान घरांत येतें आणि त्याच्या मागोमाग उंदीर. रात्रीं गाडीचें एंजिन कोमट असतें. ती ऊब त्यांस आवडते. हवेच्या जाळीच्या डब्यांत साळीचे दाणे व कापसाचें घरटें निघावें, आणि तारांचें वेष्टण कुरतडलेलें असावें, हा अनुभव आमच्याकडे नवीन नाहीं. विड्यांचा धंदा येथें जुना असल्यामुळें तंबाखूची पुरचुंडी झांकणाखालीं ठेवण्याचा उपाय पुष्कळ जण करतात. आमचा विश्वास रोज सकाळीं झांकण उघडण्यावर आणि गाडी धान्याच्या खोलीपासून दूर ठेवण्यावर अधिक आहे. उघड्या तांब्याच्या दोन तारा एकमेकींस लागल्या तर आग लागते.

आगीचा विषय निघाला म्हणून पेट्रोलाविषयीं सांगितलें पाहिजे, कारण ही गोष्ट जुन्या गाडीवाल्यांच्या अजून पुरती ध्यानांत आलेली दिसत नाहीं. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं वीस टक्क्यांपर्यंत गेलें. हें इथेनॉल उसापासून, मळीपासून, मक्यापासून आणि तांदुळापासूनहि होतें. धान पिकविणाऱ्या जिल्ह्यास त्यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु पद्मिनी किंवा जुनी ८०० जेव्हां तयार झाली, तेव्हां तिच्या रबरी नळ्या व पंपांतील पडदा ह्या मिश्रणाचा विचार करून केलेले नव्हते. इथेनॉलानें असें रबर फुगतें, मऊ पडतें, कालांतरानें चिरतें. शिवाय तें हवेंतील ओलावा ओढून घेतें, म्हणून महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टांकीस आंतून गंज चढतो. आणि जुना मळ सुटून पेट्रोलच्या जाळींत अडकतो, तो वेगळाच.

तेव्हां जुनी गाडी ठेवावयाचें ज्यांनीं ठरविलें आहे, त्यांनीं रंगरंगोटीच्या आधीं पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालून घ्याव्या, पंपाचा पडदा बदलावा, जाळी नवी बसवावी. हा खर्च टायरांच्या जोडीपेक्षां सहसा कमीच असतो. त्यानंतर दर महिन्यास नळ्यांवरून बोट फिरवून चिकटपणा किंवा ओल लागते का पाहावें. सकाळीं पडवींत पेट्रोलचा वास आला, तर दिव्याचें बटणहि न दाबतां दारें उघडावीं, आणि कारण सांपडेपर्यंत गाडी सुरू करूं नये. हा वास बहुतेक वेळां प्रथम स्वयंपाकघरांतून बाहेर येणाऱ्या काकू-वहिनींस येतो व ‘तुम्हांला कांहींतरी भास होतो’ म्हणून त्यांचें बोलणें उडवून लावलें जातें. कृपा करून तसें करूं नये.

आतां मर्यादेची गोष्ट. हौशी माणसास एकदां पान्याची चटक लागली कीं तो थांबत नाहीं, आणि जुन्या गाडींतील खरा धोका येथेंच आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये, क्षणभरहि नाहीं. जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो, तो घसरतो. खालीं जावयाचेंच असेल तर सपाट, टणक जमीन, टेकलेल्या चाकांस दगड, आणि चेसिसखालीं पक्क्या लोखंडी घोड्या, एवढें झाल्यावर जावें. विटांची चवड चालत नाहीं. वीट भाराखालीं एकदम फुटते.

ब्रेक आणि स्टिअरिंग हीं दोन अंगें घरच्या दुरुस्तीबाहेरचीं मानावीं. जुन्या पुष्कळ गाड्यांत चारी चाकांच्या ब्रेकांस तेल नेणारा मार्ग एकच असतो. एके ठिकाणीं गळती झाली कीं चारी ब्रेक जातात. घरीं करावयाचें तें पाहण्याचें काम: ब्रेकच्या तेलाची पातळी, चाकांच्या आंतील बाजूस ओले डाग, पायाखालीं पॅडल मऊ लागतें का, खोल जातें का. पातळी वारंवार उतरत असेल तर वरून भर घालून समाधान मानूं नये. हें तेलहि ओलावा ओढतें, आणि मग घाटांत सतत ब्रेक लावतांना त्यांतील पाणी उकळून पॅडल पोकळ पडतें. म्हणून साधारण दोन वर्षांनीं तें मिस्त्रीकडून बदलून घ्यावें. टायरांचेंहि तसेंच. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असें नाहीं; कडेस चार आंकडे छापलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उन्हांत उभ्या असलेल्या गाडीचें रबर न चालतांहि म्हातारें होतें.

कार्बुरेटर कानानें जुळविणारे मिस्त्री आतां थोडे राहिले आहेत, आणि जे आहेत ते स्वतःहि वयस्क आहेत. त्यांच्याशीं घासाघीस करण्यापेक्षां त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसावें. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा, तो कां गेला तें विचारावें आणि घरीं येऊन वहींत लिहावें. वही कशाला, असें कोणी म्हणेल. एकत्र कुटुंबांत गाडी पांच जण चालवितात. प्रत्येकास वाटतें कीं तेल दुसऱ्यानें पाहिलें असेल. तारीख, किलोमीटर, काय पाहिलें, काय बदललें, एवढ्या चार रकान्यांची वही किल्लीच्या खुंटीस बांधली म्हणजे तो प्रश्न मिटतो. ती लिहिण्याचें काम घरांतील सर्वांत लहान साक्षर माणसाकडे द्यावें, कारण तेंच माणूस मोठ्यांस न भितां ‘काका, तुम्हीं ह्या आठवड्यांत पाणी पाहिलें नाहीं’ असें सांगूं शकतें.

एवढें सगळें करूनहि एक दिवस येतो. तो ओळखण्याची खूण एंजिनांत शोधूं नये. एंजिन पुन्हां बांधतां येतें. गाडी घोड्यांवर घेऊन मिस्त्रीस खालील पत्र्याच्या मुख्य तुळयांवर, विशेषतः जेथें चाकांचीं अंगें जोडलेलीं आहेत तेथें, स्क्रूड्रायव्हरच्या टोंकानें ठोकून पाहावयास सांगावें. ठण आवाज आला तर ठीक. टोंक आंत गेलें, पापुद्रे गळूं लागले, तर त्यावर पत्र्याचें ठिगळ व रंग मारून गाडी हमरस्त्यावर नेऊं नये, आणि दुसऱ्यास तर मुळींच विकूं नये. अशा वेळीं ती भंगारवाल्याच्या हातीं तशीच न देतां सरकारमान्य वाहन-मोड केंद्रावर द्यावी. तेथें मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करांत सवलत मिळते. नोंदणी रद्द झाल्याचा कागद मात्र हातीं घेतल्याशिवाय परत फिरूं नये. नाहींतर गाडी गेल्यावरहि तिच्या नांवानें येणाऱ्या नोटिसांचे धनी आजोबाच राहतात.